ढाब्यावरची बाटली टेबलावर येऊ द्या

रात्री नऊनंतर हायवेवरच्या कितीतरी ढाब्यांवर एकच चित्र दिसतं. स्टीलच्या ग्लासात वरवर पाहता थंड पेय, क्वार्टर टेबलाखाली पायांशी, आणि वेटर न सांगताच बर्फ, सोडा, चकणा आणून ठेवतो. 1949च्या दारूबंदी कायद्याच्या नजरेत मात्र हा ढाबा म्हणजे दारूचा अड्डा. मालकावर कलम 68, गिऱ्हाइकावर कलम 84. बाटली रीतसर दुकानातून घेतलेली असो, पिणाऱ्याच्या खिशात परवाना असो, फरक पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जेवणासोबत स्वतःची वाइन किंवा बिअर आणू देणारा, कमी शुल्काचा पण कडक अटींचा परवाना छोट्या हॉटेलांना मिळाला पाहिजे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, स्वस्त पडली की लोक जास्त पितील. परमिट रूममधल्या दरांमुळे निदान हात आखडता राहतो. ऐकायला हे पटतं. पण परमिट रूमचा हिशेब बघा. जागेचं भाडं, परवान्याचं भलंमोठं शुल्क, वर कर (व्हॅट 2023 मध्येच 5 वरून 10 टक्क्यांवर नेला), हे सगळं पेगमधूनच काढायचं असतं. म्हणून ग्लास तळाला लागायच्या आत वेटर हजर होतो, ‘साहेब, रिपीट?’ तो बिचारा त्याचं काम करतो. आग्रह त्या धंद्यातच आहे. उलट जो दारू विकतच नाही, त्याची कमाई भाकरी-मटणावर. गिऱ्हाइकाने पोटभर जेवावं आणि टेबल मोकळं करावं, एवढीच त्याची इच्छा. तुम्ही आणखी प्यावं, यात त्याचा एक पैशाचा फायदा नाही. संयमाला याहून पोषक जागा दुसरी कोणती?

व्हिस्कीचा खंबा घेऊन बसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच मी वाइन-बिअरपुरतंच बोलतो आहे. हा भेद आपल्या राज्याने आधीच मानलेला आहे. बिअर-वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. वर्धा, गडचिरोलीची दारूबंदी मात्र जशीच्या तशी राहावी. गडचिरोलीत तर ती लोकांनी लढून मिळवली आहे.

असा परवाना इतरत्र दिला गेला आहे. न्यूझीलंडमध्ये 1917 पासून पन्नास वर्षं बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे, आणि कामावरून सुटलेली माणसं उरलेल्या वेळात घटाघटा पिऊन घेत. तिथे 1976 मध्ये स्वतःची बाटली आणू देणारे परवाने निघाले. ज्यांना दारूविक्रीचा परवाना परवडत नव्हता, अशा छोट्या हॉटेलांतही मग लोक जेवता जेवता वाइन घेऊ लागले.

परमिट रूमवाले म्हणतील, आम्ही लाखोंनी शुल्क भरायचं आणि हे फुकटात? त्यांची तक्रार मी हलक्यात घेत नाही. पण ते विक्रीच्या हक्काचे पैसे भरतात. या परवान्यात विक्रीचा हक्कच नाही.

राहिला कुटुंबांच्या सुरक्षिततेचा मुद्दा. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच आजच्या व्यवस्थेच्या विरोधात जातो. शेजारच्या टेबलावरचा माणूस चढल्यावर बरळू लागला, बायकांकडे बघू लागला, तर ढाबेवाला पोलिसांना बोलवेल का? बोलवलं तर पहिला गुन्हा त्याच्याच नावावर लागतो. म्हणून तो हात जोडून विनवत राहतो, आणि मुलाबाळांसह आलेलं कुटुंब अर्ध्या जेवणावरून उठतं. दारू पिऊन गाडीची किल्ली उचलणाऱ्यालाही तो अडवू शकत नाही. परवाना हातात असेल तर तो बाटली उचलून ठेवू शकेल, सरळ ठाण्यात फोन लावू शकेल. आणि त्याने तसं केलं नाही, तर त्याला जाब विचारता येईल, परवाना काढून घेता येईल.