घरचा मिस्त्री : नवा कार्बोरेटर घेण्याआधी चोक ओढून पाहा

माझा भाचा गवंडीकाम करतो. राहतो यावलला आणि काम मिळेल तिकडे, बहुतेक वेळा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जुन्या स्प्लेंडरवर जातो. मागल्या महिन्यात आला तो म्हणाला, "मामा, गाडी फटाका फोडस, अन् चढावर दम टाकस." पालकडे जाताना चढावर गाडी बंद पडली आणि त्या दिवसाची हजेरी बुडाली. एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटर नवाच बसवायला सांगितले. खर्च दोन हजारांच्या वर, म्हणजे तीन दिवसांची मजुरी.

मी विचारले, "चोक ओढून पाहिला का?" नव्हता पाहिला.

कच्च्या रस्त्यासाठी म्हणून हिरोने २०११ साली इम्पल्स नावाची दीडशे सीसीची उंच गाडी आणली होती. ती पुढे बंद झाली. जळगाव-धुळ्याकडे शेताची पांदण, नाल्याची वाळू आणि दगडी चढ तुडवते ती साधी शंभर सीसीचीच गाडी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. तेव्हा आजचे हे सांगणे त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे. मुलीची जुनी स्कूटी असेल तर तिलाही बरेचसे लागू पडते.

कार्बोरेटरचे काम एवढेच की हवा आणि पेट्रोल ठरल्या प्रमाणात मिसळून इंजिनला द्यायचे. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की मिश्रण सावकाश जळते, कधी पेटतच नाही. न जळलेले मिश्रण पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटले की फटाका वाजतो. इनलेट व्हॉल्व्ह उघडताना आत जाळ शिल्लक असला तर तो उलटा कार्बोरेटरकडे येतो, त्याला आपण गाडी "शिंकते" म्हणतो. मूठ पिळताच गाडी क्षणभर अडखळते, तेही बहुधा पेट्रोल कमी पडल्यामुळेच.

म्हणून पहिली परीक्षा चोकची, आणि ती फुकट आहे. इंजिन गरम झाल्यावर अर्धा चोक ओढा. चोक हवा कमी करतो. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. उलट आणखी गुदमरली आणि काळा धूर आला तर पेट्रोल जास्त होते आहे. मग धुळीने भरलेला एअर फिल्टर आधी पाहावा. आपल्या काळ्या मातीची धूळ फिल्टर लवकर भरते. काही जण पिकअपसाठी फिल्टरच काढून टाकतात. तसे केले की मिश्रण बिघडते आणि धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते. हा सल्ला देणाऱ्याला इंजिन बांधायचे पैसे मागावेत.

भाच्याची गाडी चोकवर चांगली चालू लागली. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाभोवती ग्रीसचा जाड थर लावला. आवाज लगेच एकसारखा झाला. चोर सापडला! आतली रबरी ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. तिथून हवा आत ओढली जात होती. ती काही रुपयांची वस्तू.

तरी मूठ पिळताना थोडी अडखळ राहिलीच. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले, तर तळाशी वेगळा थर दिसला. ते पाणी. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाला बसतात. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर हे हमखास पाहावे. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी थोडे पातळ होते. जुने रबरही त्याने लवकर खराब होते.

वाटी उघडली तर आत पांढरी भुकटी आणि स्लो जेट अर्धा बंद. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. त्यात सुई किंवा ब्रेकच्या केबलची तार घालू नये. भोक मोठे झाले की जेट कायमचा गेला. कार्बोरेटर क्लीनर मारावा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकून घ्यावा. हे काम अंगणात, उजेडी करावे. पेट्रोलची वाटी उघडी असताना जवळ चूल, बिडी किंवा चालू इंजिन नको.

बसवताना हवेच्या स्क्रूकडे लक्ष द्यावे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढते. खोलण्याआधी तो किती फेरे बाहेर होता ते मोजून कागदावर लिहून ठेवावे.

एवढ्यानेही शिंक गेली नाही तर टॅपेट घट्ट झाला आहे का ते माहीतगार मिस्त्रीकडून तपासावे. आणि गाडी चार-पाच किलोमीटर ठीक चालून मगच बसत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहा. हवा आत गेल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे. दोष कार्बोरेटरचा नाही.

आठ दिवसांनी भाचा प्लग काढून दाखवायला आला. आधी पांढराफटक होता, आता विटकरी झाला आहे. गाडी पालचा चढ न थांबता चढली. उतारावर मूठ सोडली की मात्र अधूनमधून एक "फट्" येतेच. सायलेन्सरच्या बेंडचे पॅकिंग फुंकते आहे, ते या रविवारी बदलणार आहोत.