रोज किती, आणि रोज कुठे?

दिवाळी तोंडावर आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक छोटीशी अंदाजपत्रकी बैठक भरते. फराळाला तेल किती, मुलांना कपडे कितीचे, आणि सर्वांत शेवटी, आवाज जरासा खाली आणून, कामाच्या बाईंना पोस्त किती. शेजारच्या वहिनींनी काय दिले याची आधी गुप्त चौकशी होते. त्याहून कमी दिले तर बाई जातील, आणि जास्त दिले तर वहिनी बोलायच्या थांबतील! वाचकहो, ज्या प्रश्नावर अर्थशास्त्री मंडळी शंभराहून अधिक वर्षे भांडत आली आहेत, तो आपण दरसाल असा चहाच्या पेल्याबरोबर मिटवून टाकतो. फरक एवढाच की पोस्त ही देणाऱ्याच्या खुशीची, आणि किमान वेतन ही देणाऱ्याच्या खुशीवर सोडायची नाही अशी ठरविलेली गोष्ट.

आमच्या अर्धापूरकडे मजुरीला 'रोज' म्हणतात. 'यंदा बायांचा रोज काय चाललाय?' असे शेतकरी एकमेकांना विचारतात. आमचा विषय मराठी, म्हणून हे सांगावेसे वाटते. मूळ फारसीत रोज म्हणजे नुसता दिवस. दिवसाचे नाव त्या दिवसाच्या दामाला चिकटले ते कायमचे. पण या एका शब्दात किमान वेतनाची सारी अडचण दडलेली आहे. सरकार दाम ठरवू शकते. दिवस कोणी द्यायचा?

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेला लागले की अर्धापूर येते, आणि अर्धापूर म्हणजे केळी. इसापूर धरणाच्या कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर पोसलेल्या या बागा लांबून पाहणाराला मोठ्या श्रीमंत वाटतात. पण लावणीपासून कापणीपर्यंत त्यांना माणसाचा हात लागतो. पिल्ले काढायची, खुरपायचे, घड लोंबू लागले की टेकू द्यायचे, आणि कापलेला घड चिखल तुडवीत ट्रकापर्यंत वाहून न्यायचा. त्यात एका रात्रीच्या वावटळीने सारी बाग आडवी होते ती गोष्ट वेगळीच. आमच्या परिचयाचे एक बागाईतदार मला नेहमी विचारतात, "सर, मजुरीला किमान आहे, मग माझ्या घडाला किमान का न्हाई? सरकार गव्हाला, तुरीला हमीभाव सांगतंय. केळीचा भाव व्यापारी सकाळी सांगतो आन् सांजच्याला मोडतो."

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. कारखानदार वाढलेली मजुरी मालाच्या किमतीत मिसळतो आणि आपण ती निमूटपणे भरतो. केळीवाल्याला ती सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली, केरळातील कौलांच्या कारखानदारांच्या प्रकरणात, या युक्तिवादाला रोखठोक उत्तर दिले होते: किमान वेतन ठरविताना मालकाची ऐपत पाहायची नसते, तेवढेही देणे ज्याला परवडत नाही त्याला तो धंदा चालविण्याचा अधिकार नाही. न्याय म्हणून हे आम्हाला पटते. मात्र चार एकरांच्या बागेच्या बांधावर उभे राहून ते मोठ्याने म्हणायला आमची जीभ जड होते, हेही खरे.

आता दुसरी बाजू. त्याच बागेत खुरपायला येणाऱ्या एका बाईंना मी सरकारी दराविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "भिंतीवरच्या दराचं काय सांगता सर? उन्हाळ्यात ज्याच्याकडून उचल घेतली, त्याला पावसाळ्यात 'रोज वाढवा' कोन्या तोंडानं म्हनावं? म्हनलं, तर उद्यापासून येऊ नको म्हनतेत." अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांत मजुराची सौदाशक्ती म्हणून जे प्रकरण असते, ते बाईंनी दोन वाक्यांत संपविले. कायदा तिच्या बाजूचा आहे. पण 'नाही' म्हणायला लागणारा दुसरा दिवस तिच्या पदरी नाही.

किमान वेतनाचा आपला कायदा १९४८ सालच्या मार्चमधला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता; आम्ही सप्टेंबरात सुटलो, त्यामुळे हा कायदा आमच्याकडे मागाहून पोहोचला. बिडी, तेलाच्या गिरण्या, खडी फोडणे यांच्या पाठोपाठ, यादीच्या दुसऱ्या भागात शेतीचे नाव होते. नाव होते, पण दर ठरविण्याची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. महाराष्ट्रात शेतमजुरांच्या वेतनाचा नीट विचार व्हायला वि. स. पागे यांच्या समितीचा १९७३ सालचा अहवाल यावा लागला. पुढे २०१९ साली संसदेने वेतनाचे चार जुने कायदे एका संहितेत ओवले. थोडक्यात, कायद्यांची टंचाई आपल्याला कधी नव्हती.

हेच पागे विधान परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमीची कल्पनाही त्यांचीच. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या भागात आजही म्हाताऱ्या माणसांची वये त्या दुष्काळावरून मोजतात. खडी फोडणारे हात आणि सुकडीची पाकिटे यांच्यावर त्या वर्षी महाराष्ट्र जगला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. म्हणजे 'दिवस कोणी द्यायचा' या प्रश्नाला प्रथमच कोणी तरी 'मी' म्हणाले.

इथे आमच्या शहरी वाचकांचा संबंध येतो. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे, अशी एक वजावट असते. आयकरावर तासन् तास बोलणारे आपण, या कराकडे ढुंकून पाहत नाही. तो १९७५ साली बसविला तो मुख्यतः रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातल्या कारकुनाने, प्राध्यापकाने, डॉक्टरने खेड्यातल्या बाईच्या रोजात आपला वाटा घालायचा, असा तो व्यवहार होता. आपल्या राज्याने केलेल्या सभ्य गोष्टींत मी त्याची गणना करतो.

मग किमान वेतन वाढविल्याने काय होते, याची खरी परीक्षा याच महाराष्ट्रात झाली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील दुष्काळी कामांच्या संदर्भात सांगितले होते की, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगार होय. मग ते घेणारे सरकार असले तरीही. १९८८ साली महाराष्ट्राने शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट केले, आणि त्याबरोबर रोजगार हमीचे दरही दुप्पट झाले. आनंदाचीच गोष्ट! पण पुढे कामांवरची हजेरी झपाट्याने खाली आली. त्या वर्षी पाऊस उत्तम होता, तेव्हा काही जण आपापल्या शेतात गेले असतील. परंतु मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अभ्यासकांनी १९९३ साली आकडे मांडून दाखविले की गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. काम मागणाऱ्या सर्वांना ते मिळेनासे झाले होते. दर दुप्पट झाला आणि हमीच पातळ झाली. काम नाही असे कोणी म्हटले नाही. ते निघालेच नाही, किंवा निघाले ते लांब निघाले. ज्यांचे नाव हजेरीपटावर होते त्यांच्या घरी दोन घास अधिक गेले. ज्यांचे नाव चढलेच नाही, त्यांची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची?

किमान वेतनाचे विरोधक हे उदाहरण मिटक्या मारीत सांगतील. त्यांना एक प्रतिउत्तर आहे. १९९२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन वाढविले तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली खानावळवजा दुकाने शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुकानांशी ताडून पाहिली. नोकऱ्या कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा दर वाढला की काम आटते हा काही निसर्गनियम नव्हे. आमच्या मते १९८८ साली काम आटले ते दरामुळे नव्हे, तर दर ठरविणारा आणि तो देणारा एकच होता, आणि त्याने थैलीचे तोंड पुरेसे सैल केले नाही, म्हणून.

इंग्लंडातील क्रॅडली हीथ या गावची १९१० सालची हकीकत येथे आठवते. घरोघरी भट्टीवर साखळ्या घडविणाऱ्या बायांना नव्या कायद्याने जवळजवळ दुप्पट दर मिळाला. मालकांनी काय केले? 'आम्हाला हा दर नको' अशा अर्थाचे कागद त्यांच्यापुढे सह्यांना धरले. पुष्कळ जणींना वाचताच येत नव्हते. मेरी मॅकार्थर नावाच्या बाईंनी त्यांना संघटित केले, वर्तमानपत्रांतून हाक दिली, देशभरातून पैसा जमला, आणि त्या निधीवर बाया सुमारे दहा आठवडे कामाविना तग धरून राहिल्या. तेव्हा दर हाती आला. कायदा एका वर्षाआधीच झाला होता. त्यात जीव आला तो त्या दहा आठवड्यांच्या शिधासामग्रीने.

आमच्या धंद्यातही या गोष्टी परक्या नाहीत. तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण प्राध्यापक आता कॉलेजांतून सर्रास दिसतात. तासाचा दर ऐकायला बरा असतो. पण वर्षात तास किती मिळणार हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि सुट्टीतला महिना कोरडा जातो. एम. ए., पीएच. डी. होऊनही ते खुरपणीवाल्या बाईंच्याच रांगेत उभे आहेत. स्टाफरूममध्ये हे बोलले की सर्वांना चहा आठवतो. असो.

२ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राची रोजगार हमी पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. तीनच वर्षांत, २००९ पासून, केंद्राने त्या कामांचा दर राज्याच्या किमान वेतनापासून सोडवून घेतला. म्हणजे १९८८ च्या बरोबर उलटी चाल. तेव्हा दर राखून काम सोडले, आता काम राखण्यासाठी दर सोडला. शंभर दिवसांचा खर्च सांभाळायचा म्हणून हे झाले असेल. पण न्यायालयाने १९८३ साली ज्याला वेठबिगार म्हटले, त्याच्या उंबरठ्याशी सरकारने स्वतःहून जाऊन बसावे, हे काही शोभले नाही.

इकडे अर्धापुरात बायांनी आपल्यापुरती एक वाट काढली आहे. तिला गुत्तं म्हणतात. दहा-बारा जणींची टोळी एकराचा सौदा ठरवून खुरपायला घेते, दुपार कलायच्या आत काम आटोपते आणि पैसे सारखे वाटून घेते. ऐन हंगामात हे गुत्तं रोजाला मागे टाकते. बागाईतदार कुरकुरतो, पण तण काही त्याच्यासाठी थांबत नाही, म्हणून देतो. त्या दिवसांत सरकारी दराची कोणाला आठवणही होत नाही. मात्र फाल्गुन-चैत्रात हळद निघून, शिजून, वाळून झाली की रानातले काम सरते. मग याच टोळीतल्या बाया ग्रामपंचायतीच्या ओट्याशी येऊन उभ्या राहतात. दर किती, असे त्या विचारीत नाहीत. काम कधी निघणार, एवढेच विचारतात.