फुटली स्क्रीन, गेला लॅपटॉप?

वाणगावला लोकल पकडताना दारातल्या गर्दीत बॅग चेपली आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोळ्याचं जाळं उमटलं. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च ऐकून घरचे म्हणाले, ‘त्यात थोडे घालून नवीनच घे ना!’ शेवटी विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका कारागिराने मदरबोर्ड गेलेल्या लॅपटॉपचं पॅनल काढून माझ्या लॅपटॉपला बसवलं. आज हा मजकूर त्याच स्क्रीनवर टाइप करतोय.

यात जादू काही नाही. पॅनलच्या मागे स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. साइज, रिझोल्यूशन, ३० की ४० पिनचा कनेक्टर आणि स्क्रूच्या जागा जुळल्या, तर बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधलं पॅनलही चालतं. मात्र काम सुरू करण्याआधी बॅटरी डिस्कनेक्ट करायलाच हवी. पैसे देण्याआधी पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून डाग तपासा आणि जुन्या पार्टची वॉरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न असा की, ही माहिती कारागिराकडून का कळावी? कंपनीने का देऊ नये? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये भरत खेरा समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज खोलता येते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती दिली जाते का, यावर वस्तूला गुण मिळावेत, अशी ही कल्पना. पण पहिल्या टप्प्यात प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅबलेटला. म्हणजे आपला लॅपटॉप वेटिंग लिस्टवर! फ्रान्समध्ये मात्र १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपलाही दहापैकी गुण द्यावे लागतात.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, ते चांगलंच. पण रिसायकलिंग म्हणजे वस्तू फोडून धातू काढणं. चालू पॅनल फोडण्यापेक्षा कुणाच्या तरी लॅपटॉपला बसवणं केव्हाही शहाणपणाचं.

तोवर एक करू या. नवीन लॅपटॉप घेताना रॅम-प्रोसेसरसोबत आणखी एक प्रश्न विचारू या: ‘स्क्रीन फुटली तर सुटी मिळेल का? आणि कितीला?’