पगाराआधी विषय विचारा



दर ऑगस्टमध्ये इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात पुण्या-मुंबईहून मराठी मुलं येतात, इथे अमेरिकेत वाढलेली आपली मुलंही जातात. कॉम्प्युटर सायन्स घेतलं की घरातून पहिली विचारणा नोकरीची होते. म्हणूनच त्याच विद्यापीठात घडलेल्या एका कारकिर्दीविषयी यंदा लिहीत आहोत.

युजीन स्पॅफर्ड 1987 मध्ये पर्ड्यूत शिकवू लागले. पुढच्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 1988 रोजी, एका विद्यार्थ्याने सोडलेला 'मॉरिस वर्म' हा स्वतःच्या प्रती काढत जाणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. मेल आणि फिंगर या प्रोग्रॅममधल्या चुका, सहज ओळखता येणारे पासवर्ड आणि एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारी यंत्रं, एवढं त्याला पुरलं. स्पॅफर्ड यांनी त्याची कार्यपद्धती उलगडली आणि काही आठवड्यांत सविस्तर अहवाल सर्वांसाठी खुला केला.

त्या काळी संगणक सुरक्षेच्या संशोधनावर कारकीर्द उभी करणारे प्राध्यापक मोजकेच होते. स्पॅफर्ड यांनी विषय सोडला नाही. 1992 मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी जीन किम यांनी 'ट्रिपवायर' हे सॉफ्टवेअर तयार केलं. फाइलमध्ये कोणी गुपचूप फेरफार केला, तर ते लक्षात आणून देई. 1997 मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे स्पष्ट सांगितलं, की या क्षेत्रात शिकवणारी आणि संशोधन करणारी माणसं फार कमी तयार होत आहेत. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. 1998 मध्ये पर्ड्यूत 'सेरियस' हे संशोधन केंद्र सुरू झालं आणि अनेक वर्षं त्यांनी त्याची धुरा वाहिली. संगणकशास्त्राच्या बाहेरच्या विभागांतले प्राध्यापकही त्यात सामील झाले. हल्ला यंत्रावर होत असला, तरी फसतो माणूस, हे त्यामागचं भान होतं.

स्वतःचं संशोधन, विद्यार्थी घडवणं, संस्था उभी करणं आणि सत्तेला वेळेवर सावध करणं, ही चारही कामं एका प्राध्यापकाने केली. आज आपण निर्धास्तपणे बँकेचे व्यवहार मोबाइलवर करतो, त्यामागे अशा संशोधकांची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

तेव्हा पालकांना कळकळीची विनंती. मुलगी किंवा मुलगा पीएचडीचं नाव काढेल, तेव्हा आधी विषय विचारा, मग पगार. आणि आपल्यापैकी जे सुरक्षेच्या क्षेत्रात शिकवतात किंवा संशोधन करतात, त्यांनी मंडळाला जरूर कळवावं. मुलांशी तुमची भेट घडवण्याची जबाबदारी आमची.

आपले,
संपादक मंडळ