गोदामाची नवी वही

बांधकाम साहित्याचा घाऊक व्यापार वजनदार मालाचा आणि बारीक नफ्याचा आहे. सिमेंटची गोणी 50 किलोची, सळई टनावर, तर वाळू आणि खडी ब्रासवर म्हणजे 100 घनफुटांवर विकली जाते. एकाच दुकानात तीन मापे चालत असल्याने वहीतला साठा आणि गोदामातला माल यांचा मेळ बसत नाही.

नफ्याची पहिली गळती साठ्यात होते. सिमेंटला दमट हवा मानवत नाही. तीन महिने पडून राहिलेला माल वापरण्यापूर्वी तपासावा लागतो. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. उतरवतानाच त्याची नोंद झाली, तर आधी आलेला माल आधी बाहेर जातो.

दुसरी गळती वाहतुकीत होते. अर्धी भरलेली फेरी, साइटवर हमालांची वाट पाहत उभा ट्रक आणि रिकामा परतीचा प्रवास यांचा खर्च शेवटी दरातच मिसळतो. एकाच भागातल्या मागण्या एकत्र करून उतरवण्याची वेळ आधी ठरवली, तर तो कमी होतो.

कागदपत्रे आता डिजिटल झालीच आहेत. महाराष्ट्रांतर्गत 1 लाख रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. 5 कोटींपेक्षा जास्त उलाढालीला 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. तीच माहिती साठा, उधारी आणि गाड्यांच्या नियोजनाला जोडावी. केवळ करासाठी संगणक ठेवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.