झोपेत दात खाणे : भगत नको, उपटण्याची घाईही नको

आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागून घरे आणि एका खोलीत पाच-सहा माणसे झोपणारी. त्यामुळे कुणी झोपेत दात खात असेल तर ती करकर सगळ्यांनाच ऐकू येते. लेकरू असले तर "पोटात जंत झालेत" आणि मोठे माणूस असले तर "बाहेरचं काहीतरी लागलंय" असे म्हणून विषय मिटवला जातो. १९५६ साली २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरात आजही या कारणासाठी अंगारा येतो, याची मला लाज वाटते.

जंतांचे आधी सांगतो. शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात ती लेकराला जरूर द्या, ती अशक्तपणासाठी हवीच. पण दात खाण्याचे कारण जंतच, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून दर महिन्याला दुकानातून गोळी आणून चारू नका. बहुतेक लेकरांची ही सवय पक्के दात येता येता आपोआप सुटते. मात्र लेकरू घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल तर डॉक्टरांना घसा आणि टॉन्सिल दाखवा.

मोठ्यांचे तसे नाही. त्यांच्यात मनाचा ताण, झोपेत श्वास अडकणे, दारू, तंबाखू, फार चहा, मनाच्या आजाराची काही औषधे यांच्याशी याचा संबंध दिसतो. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला, कानशिले दुखणारी, दात सपाट झालेले, थंड पाण्याने झिणझिणणारे. ही लक्षणे ओळखा. औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

दिवसाही आपण दात आवळतो, ते तर लक्षातही येत नाही. मुकादमाने चारचौघांत बोलले, उचल फिटली नाही, गावात कुणी जातीवरून टोमणा मारला. आपण गप्प बसतो आणि दात-ओठ खातो. ही म्हण आपल्या भाषेत उगीच आलेली नाही. बोलता न आलेला राग जबड्यात जाऊन बसतो. विहारातल्या महिला मंडळात बायका एकमेकींना हे बोलू लागल्या तर अर्धे ओझे तिथेच उतरेल, असे माझे मत आहे.

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात बोधिसत्त्व दातावर दात आवळून, जीभ टाळूला लावून मन दडपू पाहतात. काखेतून घाम वाहिला, शरीर थकले, पण ज्ञान काही हाती लागले नाही. शेवटी तो देहदंडाचा मार्गच त्यांनी सोडला. आपण तर तो रोज, नकळत करतो.

मिटलेले ओठ, सुटे दात, ही जबड्याची खरी विश्रांतीची स्थिती. जेवताना सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची गरज नसते. भांडी घासताना, हळद निवडताना, मोबाईल बघताना मधूनमधून तपासा. दात टेकलेले असतील तर जबडा सैल सोडा. आनापान करणाऱ्यांना हे लवकर जमते. दुखत असेल तर कोमट फडक्याने शेका, कडक सुपारी टाळा. आणि मशेरी, राखुंडी, विटेची भुकटी आता बंद करा. झिजलेल्या दातावर ती पुन्हा घासणे म्हणजे दुहेरी नुकसान. वसमतच्या हळदीचा आपल्याला अभिमान आहेच, पण झिजलेले दाताचे कवच हळदीनेही परत येत नाही.

दारूबद्दल उपदेश करत नाही, प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ आहेत. एवढेच सांगतो की रात्री पिऊन झोपणाऱ्याचे घोरणे आणि दात खाणे दोन्ही वाढते.

आता गाऱ्हाणे. गरीब माणूस दात दुखतो म्हणून गेला की बऱ्याचदा एकच इलाज मिळतो, उपटणे. दात खाल्ल्याने दुखणारा दात पुष्कळदा किडलेला नसतोच. तो काढला तरी खाणे थांबत नाही, बाजूचे दात झिजत राहतात. दंतवैद्य तोंडाचे माप घेऊन रात्री घालायची पट्टी बनवतात. तिने सवय जात नाही, पण दात वाचतात. बाजारातली तयार पट्टी स्वतःहून घालू नका, चावा बिघडू शकतो.

ही पट्टी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या दवाखान्यांतही मिळावी, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे. आमदारांकडे रस्ता आणि समाजमंदिर मागायला आपण जातोच, त्याच अर्जात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे? तोवर दंतवैद्याने "काढून टाकू" म्हटले तर एवढे विचारा : "डॉक्टर, दात किडलाय की झिजलाय?"