मतदार यादीतलं आपलं नाव

मैत्रिणींनो, निवडणुकीच्या दिवशी आपण भाकरी-भाजी उरकून केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो नि परत कामाला लागतो. इतकं साधं वाटणारं हे मत बायकांना आपसूक मिळालेलं नाही बरं का! ते मागावं लागलं.

१९१७ साली सरोजिनी नायडू काही स्त्रियांना घेऊन मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटल्या आणि मताचा हक्क मागितला. साऊथबरो समितीनं पडद्याची चाल पुढं करून नकार दिला. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आपली मुलगी मिठन हिच्यासह लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढं बाजू मांडली. विलायतेतल्या बायकांना तरी कुठं पुरतं मत होतं? १९१८ ला मिळालं ते तिशीच्या पुढच्यांना, तेही अटींवर. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ उजाडलं. तरी तिथल्या चळवळीतल्या स्त्रियांनी या मायलेकींना साथ दिली.

पार्लमेंटनं निर्णय प्रांतांवर सोपवला. इकडं रमाबाई रानडे यांच्यासारख्यांनी मागणी लावून धरली आणि १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलनं ती मान्य केली. पण अट मालमत्तेची! घर-शेत नवऱ्याच्या नावावर, मग किती जणींना मत मिळणार? १९३५ च्या कायद्यानं मालमत्तावाल्यांच्या बायकांना मत दिलं, तेही नवऱ्याच्या मालमत्तेवरच.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात. मुंबईचा निर्णय इथं लागू नव्हता. १९४८ ला संस्थान भारतात आलं, राज्यघटनेनं स्त्री-पुरुषांना सारखं मत दिलं आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्यांची पाळी आली. त्या वेळी देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. विशेषतः उत्तरेकडं, बायका स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगत. निवडणूक आयोगानं ते चालवून घेतलं नाही. कठोर वाटतं, पण मत बाईचं, तर नावही तिचंच हवं.

आपल्याकडं उखाण्यात नवऱ्याचं नाव हौसेनं घेतात आणि लग्नात नवरीचं नाव मात्र बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, यादीत दुसरं, असा घोळ होतो. म्हणून घरातल्या लेकी-सुनांची नावं एकदा यादीत बघाच. अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी सहा नंबरचा फॉर्म असतो. सून दुसऱ्या गावाहून आली असेल किंवा नावात चूक असेल तर आठ नंबरचा. गावच्या बीएलओकडं चौकशी करा. रेशनकार्डासाठी आपण चार खेटे घालतोच की, मग यासाठी एक घालायला काय हरकत आहे?